उद्या पंप लावू नका

आमच्या सरांना लग्नाला बोलवताना जबलपुरातली मराठी माणसं दोनदा विचार करत. तसा माणूस वाईट नव्हता. पंगतीत वाढायला उभे राहत, म्हाताऱ्यांना हात धरून रिक्षापर्यंत सोडत. पण मंगल कार्यालयात पाय ठेवल्या ठेवल्या ते आधी मुलीच्या बापाला गाठत आणि विचारत, "इथं बोअर कितीवर आहे?" बापाला बिचाऱ्याला बँडवाले कुठे अडकलेत हेही माहीत नसायचं. मग सर स्वतःच कार्यालयाच्या मागच्या बाजूला जात, पंपाला कान लावत आणि परत येऊन अक्षता हातात घेऊन शेजारच्याला सांगत, "हवा ओढून राहिला आहे. दुसऱ्या पंगतीपर्यंत टिकत नाही." चेरीतालच्या एका लग्नात नेमकं तसंच झालं. हात धुवायच्या वेळी नळ कोरडे. खरं तर पाहुण्यांनी कार्यालयाच्या मालकाला फैलावर घ्यायला हवं होतं, पण सगळे सरांकडेच असे बघत होते, जणू यांनीच आत जाऊन पाणी पिऊन टाकलं.

सर भूजलाच्या सरकारी ऑफिसात होते. तिथे मी कंत्राटावर लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला पाचेक वर्षं उरली होती. त्यांचं काम एका वाक्यात सांगायचं तर वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरींपाशी जायचं आणि पाणी जमिनीखाली कितीवर आहे ते मोजायचं. माझं काम त्याहून सोपं, ते आकडे कॉम्प्युटरात भरायचे. देशभर असे आकडे गोळा होतात, पावसाचं किती पाणी आत मुरलं आणि आपण किती उपसलं याचा हिशेब लागतो आणि शेवटी प्रत्येक भागाला एक रकाना मिळतो. सुरक्षित, मग नीमगंभीर, मग गंभीर. त्याच्या खाली आणखी एक रकाना होता, पण सर त्याचं नाव घेत नसत. घरातल्या दुखण्याचं नाव चारचौघांत घेऊ नये तसं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव वाचून विचारलं, "घरी मराठी बोलता?"

मी म्हटलं, "हां, मतलब, समजते पूर्ण. बोलते थोडं."

"थोडं काहून? तोंडाला पाणी कमी पडून राहिलं का?" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्याशी मराठीशिवाय एक अक्षर बोलले नाहीत. आज मी हे जे काही मराठीत लिहिते आहे, त्यात निम्मा हात त्यांचा आहे. त्या वेळी मात्र मला त्यांचा फार राग यायचा, हे आधीच सांगून टाकते.

राग यायला कारणं भरपूर होती. एक म्हणजे तो खडू. विहिरीचं पाणी मोजायला सरांकडे पोलादी टेप होती. टेपच्या टोकाकडच्या भागाला निळा खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजून गडद झाला तिथपर्यंत पाणी. बॅटरीवर चालणारं, पाण्याला टेकलं की पीं करणारं यंत्र ऑफिसात केव्हाच आलेलं होतं. पण सरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "ते पीं कशालाही करते. ओल्या भिंतीला लागलं तरी करते. खडू खोटं बोलत नाही." त्यामुळे सरांच्या खिशात खडू, टेबलावर खडू, फायलींवर खडू. माझ्या जेवणाच्या डब्यावर निळी बोटं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वैतागून त्यांचे सगळे शर्ट निळेच आणायला सुरुवात केली होती. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, खात्याचा गणवेश आहे.

दुसरं म्हणजे पाणी चाखणं. ते आधी प्रत्येक विहिरीचं पाणी ओंजळभर पीत आणि डोळे मिटून उभे राहत. हे ग्रॅनाइटचं, हलकं. हे काळ्या दगडातलं, जरा जड. हे नदीकाठच्या गाळातलं, याला मातीचा गोडवा आहे. मी यायच्या बऱ्याच वर्षांआधी त्यांना जबरदस्त कावीळ झाली आणि काकूंनी शपथ घातली, तेव्हापासून ते बंद झालं होतं. पण सवय जात नव्हती. विहिरीवर गेलं की ओंजळ आपोआप पुढे व्हायची, मग शपथ आठवायची, आणि मग ते पाणी हळूच विहिरीतच परत सोडायचे. ओतायचे नाहीत, सोडायचे. एकदा मी विचारलं, "सर, एवढ्या ओंजळीनं काय फरक पडतो?" तर म्हणाले, "तुझ्या पगारातून रोज ओंजळभर काढलं तर चालेल?" मी तेव्हा कंत्राटी होते. गप्प बसले.

सराफ्यातली त्यांची एक गोष्ट ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ होती. एका सोनाराने घरामागे नवीन बोअर घ्यायचं ठरवलं आणि पाणी कुठे लागेल ते सांगायला दोघांना बोलावलं. एक तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या आणि दुसरे सर. पाणाड्या डोळे मिटून अंगणभर फिरला. एका कोपऱ्यात त्याच्या हातावरचा नारळ उभा राहिला. गल्लीतले लोक जमले होते, सगळ्यांनी हात जोडले. सोनार सरांना म्हणाला, "अब आप बताइए." सरांनी पाणाड्याकडून तो नारळ मागून घेतला, समोरच्या टपरीवर नेऊन त्याला भोक पाडलं आणि टपरीवाल्याकडे होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या नळ्या त्यात खोचायला सुरुवात केली. चार-पाचच मावल्या. मग त्या जमलेल्या लोकांना देऊन म्हणाले, "पियो." पहिला ओढणारा दमदार निघाला, बाकीचे नुसते गाल आत घेत राहिले. "ये है आपका सराफा," सर म्हणाले. "नारियल एक, नली चालीस. पानी किधर है, ये मत पूछो. पानी कितना है, ये पूछो." सोनाराने तरी बोअर घेतलंच. पाणाड्या मात्र सरांवर कायमचा चिडला, कारण नारळ त्याचा होता.

आता त्या दोन सवयींकडे येते, ज्यांच्यामुळे पुढचं सगळं घडलं.

विहीर मोजायची तर आधी काही तास तिच्यातून उपसा झालेला नसावा लागतो. पंप चालला की पाणी तात्पुरतं खाली जातं आणि आकडा चुकतो. त्यामुळे सर आदल्या दिवशी प्रत्येक विहिरीच्या मालकाला फोन करत. वाक्य ठरलेलं असायचं. "नमस्कार, उद्या सकाळी पाणी बघायला येतोय. उद्या पंप लावू नका." हिंदी घरात हिंदीत, मराठी घरात मराठीत. ऑफिसातले बाकीचे लोक न कळवता जात, पंप चालू असला तर अंदाजाने काहीतरी लिहून मोकळे होत. सर त्यांना मोजणारे म्हणतच नसत, सांगणारे म्हणत. एकतीस वर्षांत आपला एकही आकडा खोटा नाही, हे ते अशा सुरात सांगायचे की ऐकणाऱ्याला आपण आयुष्यात काहीच केलं नाही असं वाटावं.

दुसरी सवय अशी की, पाणी खाली गेलेलं दिसलं की सरांना दुःख व्हायचं. नुसतं वाईट वाटायचं नाही, घरात कोणी गेल्यासारखं दुःख. टेपवरचा आकडा वाचला की ते विहिरीच्या कठड्यावर बसत, हात गुडघ्यांवर ठेवत, आणि मालकाने आणलेला चहा तसाच निवत ठेवत. मालक गोंधळून जायचा. घरातल्या बायका दाराआडून बघायच्या. मग सर उठून न बोलता स्कूटरला किक मारत. मी मागे बसून त्या घरच्यांना हाताने खुणा करायची, काही नाही, काही नाही.

घमापुरची विहीर त्यांची लाडकी. ती मावशींच्या घरामागच्या अंगणात होती. मावशी म्हणजे सत्तरी गाठलेली बाई, गल्लीच मावशी म्हणते म्हणून आम्हीही मावशी. त्यांचे सासरे विदर्भातून कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आले, नवराही तिथूनच निवृत्त होऊन वारला. दोन मुलगे दूरच्या गावी नोकरीला. विहीर अरुंद, खोल, सासऱ्यांनी ग्रॅनाइट फोडून खणलेली. कठड्यावर आमच्या खात्याचा पिवळा नंबर रंगवलेला, आणि मावशी तो नंबर दर दिवाळीला स्वतः नव्याने रंगवायच्या.

मी यायच्या तीन वर्षं आधी एका मे महिन्यात ही विहीर तळाला गेली होती. त्याच पावसाळ्यात सरांनी मावशींच्या मागे लागून गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपने विहिरीत सोडलं, मध्ये वाळू-खडी-कोळशाची गाळणी बसवली. गाळणीसाठी खडी स्वतः चाळून दिली. आणि काय सांगावं, पुढच्या मे महिन्यात पाणी वर. त्याच्या पुढच्या मे महिन्यात वर. आठ उन्हाळे ओळीने. शहरातल्या बाकीच्या विहिरी खाली चाललेल्या, आणि ही एकटी टेचात. सरांनी तिचा आलेख काढून भिंतीवर लावला. शाळांत, कॉलनीच्या बैठकांत, बँकेच्या रांगेतसुद्धा ते सांगायचे, "घमापुरची विहीर बघा. एक पाइप, बस." कितीतरी लोकांनी त्यांच्या शब्दावर पाइप लावले. ऑफिसच्या अहवालात ती विहीर उदाहरण म्हणून छापून आली. एकतीस वर्षांच्या नोकरीत सरांनी पाणी खाली जातानाच लिहून ठेवलं होतं. वर आणलेली ही एवढी एकच.

दर मे महिन्यात आम्ही गेलो की मावशींचं अंगण ओलं असायचं. सर म्हणायचे, "बघ, सडा टाकून ठेवतात आपल्यासाठी. अशी माणसं राहिली नाहीत." आम्ही दोघंही भूगर्भशास्त्र शिकलेलो. ऐन मे महिन्यात त्या चिखलातून चपला उचलत विहिरीपर्यंत जायचो, सर आठ वर्षं आणि मी पाच वर्षं, आणि दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

सरांच्या शेवटच्या मे महिन्यात आकडा पुन्हा झकास आला. निवृत्तीला पंधरा दिवस होते. सर इतके खूश की त्यांनी पोहे दोनदा मागून घेतले. मग बादली विहिरीत सोडली, वर काढली, ओंजळ भरली आणि मला म्हणाले, "काकूंना सांगू नकोस. ही आता परत भेटायची नाही." आणि प्यायले.

प्यायले आणि तसेच उभे राहिले. पुन्हा एक घोट घेतला. मग बादली माझ्यापुढे केली. "चाख."

मी चाखलं. पाण्यासारखं पाणी. "काय झालं, सर?"

"हे नर्मदेचं आहे," सर म्हणाले. "औषध टाकलेलं. नळाचं पाणी. ग्रॅनाइटच्या विहिरीत नळाचं पाणी कुठून आलं?"

मावशी पोह्यांची कढई घेऊन आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत.

पुढचे तीन दिवस मला विसरता येत नाहीत. सरांनी ठरवून टाकलं की गल्लीखालची पाण्याची जुनी पाइपलाइन फुटली आहे आणि ते पाणी खडकाच्या भेगेतून विहिरीत येत आहे. भर मे महिन्यात, दुपारी, डोक्याला पंचा बांधून ते घमापुरच्या त्या गल्लीत रस्त्याला कान लावून आडवे पडत. मी छत्री धरून उभी. लोक येऊन विचारत, "चक्कर आया क्या?" सर हातानेच गप्प राहायला सांगत. एका भाजीवाल्याने त्यांच्या उशाला ग्लासभर सरबत ठेवलं. त्यांनी गल्लीचा नकाशा काढला, उतार मोजला, तीन भेगा ठरवल्या, त्यातल्या एका भेगेवर तर त्यांचा इतका जीव जडला की तिच्यावर निबंध लिहायचं म्हणत होते. सगळी गल्ली आमच्याकडे बघत होती आणि सगळी गल्ली तोंडातल्या तोंडात काहीतरी गिळत होती, हे मला दिसत होतं. का, ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर गल्लीत मागे मागे येत होता. सर रस्त्यावर आडवे, म्हणून ड्रायव्हर उतरला. सरांना ओळखून त्याने वाकून नमस्कार केला. "साहब, नाप ठीक आया न?" तो आपुलकीने म्हणाला. "मैं तो ऊपर तक भर रहा था. अम्मा बोलीं, बस, इत्ता ही, नहीं तो साहब को शक हो जाएगा."

सर उठून बसले. शर्टाला सगळी धूळ. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "कितने साल से?" त्याने बोटं मोजली आणि आठ दाखवली. मला आधी हसू आलं. मग सरांचा चेहरा बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचा राग आला नाही, काळजी वाटली.

आम्ही मावशींकडे गेलो. त्या ओट्यावर बसूनच होत्या, वाटच बघत असल्यासारख्या.

"मावशी, काहून केलं असं?" सर म्हणाले. ओरडले नाहीत.

"तुमी त्या वर्षी चहा नाही घेतला जी," मावशी म्हणाल्या. "पोहे केले होते, तेबी नाही खाल्ले. कठड्यावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाही. माझा मालक गेला ना जी, तेव्हा त्याच्या सख्ख्या भावानं एवढं तोंड नव्हतं पाडलं. मग तुमी पाइप लावून दिला, आपल्या हातानं खडी चाळली. आता पुढच्या उन्हाळ्यात विहीर तशीच दिसली असती, तं तुमचं काय झालं असतं?"

"पण मला कळायला पाहिजे होतं, मावशी. त्याच्यासाठीच तं येतो मी."

"कळवून येता ना जी तुमी. आदल्या दिवशी फोन येते, उद्या पाणी बघायला येतो. पाव्हणा येणार म्हणून सांगितलं का घर झाडावं लागते का नाही? मी विहीर झाडली."

सरांनी एकच विचारलं, "पाइपचं पाणी राहते का?"

"येते जी, पावसात मस्त येते. दिवाळीला भरून असते. होळी झाली का चालली जाते." मग त्या हळूच म्हणाल्या, "चारी बाजूंनी बोअर आहेत, साहेब. माझ्या एका गच्चीनं कोणाकोणाला पुरवावं?"

हे वाक्य सर गेली तीस वर्षं लोकांना समजावत होते. नारळ आणि नळ्या घेऊन. मावशींना ते कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

दोन दिवस सर ऑफिसात आले आणि नुसते बसून राहिले. खडूला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विहिरींची जाड नोंदवही काढली, लाल पेन उघडलं आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग, कारण कॉम्प्युटरातले आकडे माझे. मोठे साहेब बाहेरगावचे, शांत, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो उलटा करून बघणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आठ ही तो रीडिंग हैं. दस दिन में आप रिटायर हो रहे हैं. रिपोर्ट छप चुकी है, आपका ही नाम ऊपर गया है. किसको पता चलेगा?"

"मुझे तो चल गया," सर म्हणाले.

साहेबांनी समजावलं की हे आकडे बदलले तर तो भाग 'सुरक्षित' रकान्यातून खाली येईल, वरून विचारणा होईल, चौकशीही लागेल, आणि ती लागेल सरांच्याच मागे. सर म्हणाले, "लगने दीजिए. जो नहीं है, उसको है लिखा तो लोग और बोर खोदेंगे." मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या आठ मे महिन्यांवर एकेक लाल रेघ मारली. खोडायची पद्धत अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. प्रत्येक सहीपाशी शेरा: बाहेरून पाणी टाकलेले होते, मोजणाऱ्याने आदल्या दिवशी कळवल्यामुळे. मावशींचं नाव कुठेही नाही. मी पाणी आणून दिलं, तर त्यांनी अर्धा ग्लासच घेतला. अशा वेळीही अर्धाच.

निरोप समारंभाचा घोळ माझ्यामुळे झाला. भेट म्हणून काय द्यायचं, यावर महिनाभर आधी मीच सुचवलं होतं, घमापुरच्या विहिरीचा आलेख मोठा छापून, काच लावून, सोनेरी चौकटीत. चौकट तयार होऊन आली होती. मी ती कपाटामागे लपवून शाल-श्रीफळाची व्यवस्था केली, पण मोठ्या साहेबांनी शोधून काढली. त्यांना वाटलं, हीच संधी आहे, समारंभात सगळं गोड होऊन जाईल. मावशींनाही त्यांनी गाडी पाठवून आणवलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मावशी नवीन लुगडं नेसून आल्या होत्या आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता.

साहेबांनी चौकट सरांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. सरांनी आलेख बघितला, खिशातून लाल पेन काढलं आणि काचेवर टेकवलं. पेन घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. लोकांना वाटलं, सही करत आहेत, म्हणून पुन्हा टाळ्या. मग सर माइकमध्ये म्हणाले, "पेचकस है किसी के पास?"

सभागृहात पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, कोणाकडेच नव्हता. सरांनी किल्लीच्या टोकाने चौकटीचे मागचे खिळे उचकटायला सुरुवात केली. दहा मिनिटं. एका बाजूने साहेब चौकट धरून उभे, दुसऱ्या बाजूने मी, आणि समोर शंभर माणसं समोसे हातात धरून बघत होती. शेवटी कागद बाहेर आला. सरांनी टेबलावर ठेवून आठ टिंबांवर आठ रेघा मारल्या. मग माइक घेऊन, हिंदीत, सावकाश, सगळ्यांना कळेल असं सांगितलं की हे आकडे खोटे आहेत, चूक मोजणाऱ्याची आहे, तो आधी फोन करून जायचा. पुढे म्हणाले, ज्यांनी माझ्या शब्दावर पाइप लावला त्यांनी काढू नये, पाइप बरोबर आहे, पण एका पाइपाने होत नाही. उपसा कमी करावा लागतो. पाइप लावायला सांगताना ते मी सांगितलं नाही, कारण ते कोणाला आवडत नाही.

तेवढ्यात मावशी पहिल्या रांगेतून उठल्या. "साहेब, चूक माझी आहे. टँकर म्या बोलावला."

"मावशी, बसा," सर मराठीत म्हणाले. "फोन कोणी केला होता?"

"तुमी."

"मग."

मावशी बसल्या. सभागृहात मराठी कळणारे आम्ही चार-पाच जण. बाकीच्यांना वाटलं, बाईंनी आशीर्वाद दिला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चौकशी लागली आणि चार महिन्यांनी मिटली. तो भाग पुढच्या मूल्यांकनात नीमगंभीर झाला. मावशींच्या गल्लीमागे जी मोठी कॉलनी व्हायची होती, तिच्या नव्या बोअरच्या परवानग्या अडकल्या. सरांना हे मी फोनवर सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले. सर घरी बसल्यावर विहिरी माझ्याकडे आल्या. त्यांनी जाताना एकच सांगितलं होतं, "फोन करू नकोस. पंप चालू दिसला तर बंद करायला सांग आणि तीन तास बसून राहा."

पुढच्या मे महिन्यात मी न कळवता मावशींच्या दारात उभी राहिले. अंगण कोरडं होतं, पायाला चटके बसत होते. मावशी मला बघून दचकल्या आणि मग विहिरीकडे बोट करून बाजूला झाल्या. मी टेपला खडू फासला आणि सोडली. टेप जात राहिली. तळाला टेकल्याचं हाताला कळलं. वर ओढली तर खडू जसा लावला होता तसाच, निळा, कुठेही डाग नाही. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी येताना रस्ताभर स्वतःला बजावत आले होते की काही झालं तरी तोंड पाडायचं नाही. किती जमलं कोण जाणे.

तेवढ्यात फोन वाजला. सरच. त्यांना वेळापत्रक पाठ होतं.

"घमापुर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय आलं?"

मी मावशींकडे पाठ केली. "कोरडी आहे, सर."

ते आत्ता कुठे बसले असतील आणि हात कुठे असतील, ते मला दिसत होतं.

"आदल्या दिवशी फोन केला नव्हतास ना?"

"नाही, सर."

"म्हणजे खरा आकडा आहे."

"खरा आहे."

"मग चांगला आहे," सर म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "मावशींना सांग, साहेब म्हणाले, आकडा चांगला आला."